वाडग्याचा तळ

"वाडगा बोलायला लागलाय," हात्सुनो आजी फोनवर म्हणाल्या. "तू ये आणि आपल्या कानांनी ऐक. गिदो म्हणतो, माझं डोकं फिरलंय."

सकाळचे साडेसहा वाजले होते. मिझोकामी परसात पातीच्या कांद्यांना पाणी घालत होता. पाच वर्षांपूर्वी तो पोलीस चौकीतून निवृत्त झाला होता, पण तोनोकावा गावाने काही त्याला निवृत्त होऊ दिलं नव्हतं. मांजर हरवलं, कुंपण सरकलं, सून रुसली की गाव आधी हवालदाराला फोन करायचं. चौकीतला नवा पोरगा मग आयता अहवाल लिहायचा.

"काय बोलतो वाडगा?" त्याने विचारलं.

"टिण् म्हणतो. मग गप्प बसतो. मग पुन्हा टिण्. वसंतातल्या विषुवदिनाच्या सफाईपासून चाललंय. आठ दिवस झाले."

मिझोकामीने झारी खाली ठेवली. या गावात आठ पिढ्या भट्ट्या पेटत आल्या आहेत. भट्टीतून नुकतंच काढलेलं भांडं टिण् टिण् करतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. झिलई गार होताना आकसते आणि तिला बारीक तडे जातात, त्याचा तो आवाज. पहिले काही दिवस तो जोरात असतो, मग विरळ होत जातो. देवळातला वाडगा मात्र अडतीस वर्षांचा होता.

"आलोच आजी," तो म्हणाला.

देवळात करुणेची देवता कान्नोन हिच्या मूर्तीपुढे वाडगा नेहमीच्या जागी होता. दोन्ही हातांच्या ओंजळीत मावणार नाही एवढा मोठा, सेजी म्हणतात त्या जाड झिलईचा, कच्च्या उमे फळासारखा हिरवा. त्यात रोज ताजं पाणी ठेवायचं काम आजींचं. त्या चौऱ्याऐंशीच्या होत्या. त्यांचा मुलगा गिदो देवळाचा मुख्य भिक्षू, गावाचा ओशो-सान होता आणि आईशी बोलताना त्याचा आवाज नेहमी अर्धी पट्टी वर असायचा.

तिघेही गुडघे टेकून बसले. बराच वेळ काही झालं नाही. गिदोने घड्याळ पाहिलं.

टिण्.

"ऐकलंस?" आजी म्हणाल्या. "आता सांग कोणाचं डोकं फिरलंय ते."

मिझोकामीने पाणी ओतून दिलं, वाडगा पुसला आणि उजेडाकडे धरला. तड्यांचं जाळं चहाच्या रंगाचं होतं. इतकी वर्षं पाणी आणि उदबत्तीचा धूर मुरला की तडे असेच तपकिरी होतात. पण त्या तपकिरी जाळ्याच्या मध्येमध्ये काही तडे अगदी स्वच्छ होते, केसासारखे पांढरे.

"ओशो-सान, हे बघा. तपकिरी तडे मुद्दाम रंगवलेत. कडक चहात भिजवून. हे पांढरे त्यानंतर गेलेले, या आठ दिवसांतले. वाडगा नवा आहे. तुमचा कोणीतरी नेला आणि त्या जागी हा ठेवला."

गिदोने वाडगा हातात घेऊन फिरवून पाहिला. "उद्या दुपारी संग्रहालयाची गाडी येणार आहे."

ते सगळ्या गावाला माहीत होतं. गावातले थोर कुंभार उशिजिमा गुरुजी यांच्या साठ वर्षांच्या कामाचं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यात मध्यभागी हाच वाडगा राहणार होता. याच वाडग्याने गुरुजींना प्रांताचं पहिलं बक्षीस मिळवून दिलं होतं. त्यानंतर त्यांनी तो देवळाला दिला आणि त्याच्या जोरावर गावाचं नाव टोकियोपर्यंत गेलं.

"सफाईच्या दिवशी वाडगा कोणी हलवला?" मिझोकामीने विचारलं.

"दरवर्षीसारखा गुरुजींनी स्वतः धुतला, मागच्या विहिरीवर. त्यांची शिष्या चिगुसा त्यांच्याबरोबर होती. तिनेच नेला, तिनेच आणून ठेवला." बोलता बोलता गिदो थांबला. "चिगुसा. तिच्या हातात कपड्यात बांधलेली पेटी होती. मी म्हटलं, डबा असेल."

"पेटी कोणाची?"

"तिच्या हातात होती म्हटल्यावर तिचीच. आणि तिने विषुवाच्या आधीच्या आठवड्यात भट्टी लावली होती. धूर मी स्वतः पाहिला. गुरुजींच्या हाताखाली सहा वर्षं आहे, नक्कल तिच्याइतकी कोणाला जमेल? हवालदार, मी तिला आजच गावाबाहेर काढायला लावतो."

"आधी मी बोलतो तिच्याशी."

निघताना आजींनी त्याची बाही धरली. "मला वाटलं, माझा हातच गेला. आठ दिवस पुसताना बोट अडखळतंय. आधी कसं सुळकन् जायचं. वय झालं, दुसरं काय."

"मीही गुडघा धरूनच उठतो, आजी," मिझोकामी म्हणाला आणि चपला घालून पायऱ्या उतरला.

भट्ट्यांकडे जाणारी वाट बस थांब्यावरून जाते. त्या थांब्यापाशी आलं की मिझोकामीची मान आपोआप खाली जायची. अडतीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि गावात येऊन चारच महिने झाले होते. उशिजिमा गुरुजींच्या कोठारातून सेजीच्या झिलईसाठी लागणाऱ्या दगडाची बारा पोती गेली. ज्या खाणीतून तो दगड यायचा ती बंद झाली होती, त्यामुळे एकेक पोतं जिवापाड जपलं जायचं. गुरुजींनी त्यांच्याकडे काम करणाऱ्या तोमात्सु रेन्जी नावाच्या माणसाचं नाव घेतलं. तोमात्सु दूरच्या सेतोहून आला होता. गावात त्याला ना नातं ना गोतं. घरी बायको आणि दोन वर्षांची मुलगी.

मिझोकामीने त्याला चौकीत बसवून विचारलं, पोती कुठे आहेत? तोमात्सु एकच वाक्य बोलला. "वाडगा बघा, हवालदार. त्याचा तळ बघा."

मिझोकामीने ते वहीत लिहून घेतलं आणि वही मिटली. चोर विषय बदलतोय असं त्याने ठरवून टाकलं. खरं तर त्याला भीती वाटली होती. गुरुजी गावातले सगळ्यात मोठे माणूस, आणि तो राहत होता ते घरही त्यांच्या चुलतभावाचं. तक्रार झाली नाही, गुरुजींनी मोठ्या मनाने सोडून दिलं. तोमात्सु दुपारच्या बसने गेला आणि त्याच हिवाळ्यात नागोयाच्या एका मजुरांच्या खोलीवर छातीत कफ भरून मेला. ती बातमी मिझोकामीनेच चौकीत फोनवर ऐकली होती. त्यानंतर त्याने शेकडो चोऱ्या पाहिल्या, त्यातल्या बऱ्याच सोडवल्या, पण रात्री आठवायचं ते हेच.

त्याने तळ बघितला नव्हता. पंधरा मिनिटांचं काम होतं.

नोनाका चिगुसा चाकावर बसली होती. वय चौतीस, कोपरापर्यंत माती. विजेचं चाक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत होतं आणि तिच्या हातात एक वाटी वर येत होती. दारावरून जाणारा शेजारचा म्हातारा रोजच्यासारखा ओरडून गेला, "काय गं उलट्या चाकाची, झालं का उलटं?"

"आजोबा, तुमचंच उलटं आहे, क्योतोत येऊन बघा," ती मान वर न करता म्हणाली.

"हे काय रोज चालतं?" मिझोकामीने विचारलं.

"रोज. मी क्योतोच्या शाळेत शिकले, काका. तिकडे चाक असंच फिरवतात. इथे सगळे पायाने चाक मारणारे, त्यांचं दुसऱ्या बाजूला. गुरुजींनी पहिलं वर्षभर प्रयत्न केला मला वळवायचा. हाताला एकदा वळण लागलं की लागलं. म्हणाले, राहू दे, पूर्वी आमच्याकडे सेतोचा एक होता, त्याचंही असंच होतं." ती थांबली. "मग दिवसभर बोलले नाहीत."

मिझोकामीने सगळं सांगितलं. तिने चाक बंद केलं. वाटी हळूहळू एका बाजूला कलली, पण तिने ती सावरली नाही.

"म्हणजे मी चोरला असं म्हणतात."

"म्हणतात. तू चोरलास का?"

"नाही."

"सफाईच्या दिवशी पेटी कोणाची होती?"

"गुरुजींची. देवळाला साबण आणि नवे पंचे द्यायचेत म्हणाले. विहिरीपर्यंत मी उचलली."

"वाडगा धुताना तू तिथेच होतीस?"

"मला त्यांनी झाडू आणायला पाठवलं. परत आले तेव्हा वाडगा पुसून तयार होता. मी नेऊन ठेवला."

"पेटी?"

"ती त्यांनी स्वतः घरी नेली. जड आहे, द्या म्हटलं तर नको म्हणाले."

"विषुवाआधीच्या भट्टीत काय काय होतं?"

"माझे चाळीस पेले. आणि खालच्या फळीवर गुरुजींचा झाकणाचा डबा, आत भांडं ठेवून भाजायचा. ते नेहमीच काहीतरी ठेवतात, राखेची चाचणी वगैरे. मी उघडत नाही, शिस्तच आहे तशी." तिने हात पंच्याला पुसले आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, तुम्ही जे विचारताय ते मला कळतंय. पण आपलाच वाडगा कोण चोरेल? कोणी मानणार नाही. ओशो-सानने मला काढलं तर या खोऱ्यात मला कोण भट्टी देणार आहे? मी माती सोडून दुसरं काही शिकले नाही."

"कोणी मानणार नाही" हे खरंच होतं. मिझोकामीकडे एका मुलीचा शब्द होता आणि समोर प्रांताचा मानकरी माणूस. हा हिशेब त्याने पूर्वी एकदा केला होता आणि उत्तर काय काढलं होतं तेही त्याला पाठ होतं.

उशिजिमा गुरुजी एक्याऐंशीच्या वयातही पायाने चाक मारत होते. त्यांचं चाक घड्याळाच्या उलट फिरत होतं, जसं या खोऱ्यात सगळ्यांचं फिरतं. त्यांनी मान वर केली आणि बोटांवरचा चिखल काठावर निरपला.

"बस, हवालदार. कांदे कसे आहेत?"

"बरे आहेत. गुरुजी, देवळातला वाडगा बदललाय."

चाक दोन फेरे फिरून थांबलं.

"कोण म्हणतं?"

"वाडगाच म्हणतो. अजून टिण् टिण् करतोय."

गुरुजींनी डोळे मिटले. "इतके दिवस?"

"या थंडीत थांबत नाही. तुम्हाला तर माहीतच. सफाईच्या दिवशी वाडगा तुमच्या हातात होता. तेव्हा काही वेगळं वाटलं?"

"माझे डोळे आता कुठे राहिलेत."

"ओशो-सान चिगुसाचं नाव घेतात."

मिझोकामी बघत राहिला. म्हाताऱ्याने चाकावरचा ओला गोळा उगाच थापटला, पुन्हा थापटला. मग ते म्हणाले, "पोर आहे. तक्रार करू नका. फक्त गावातून जाऊ द्या तिला, बाकी मी बघतो."

तीच वाक्यं होती. अडतीस वर्षांपूर्वी याच खोलीत, याच चाकामागून आलेली. पोरगं आहे, तक्रार नको, फक्त गावातून जाऊ द्या. तेव्हा त्याने वाकून गुरुजींचे आभार मानले होते. या वेळी तो उठला आणि न वाकता बाहेर आला.

तो चालत देवळात गेला नाही, जवळजवळ धावत गेला.

"आजी, पुसून दाखवा."

"आत्ता?"

"रोज पुसता तसंच. काही बदलू नका."

आजींनी चिंधीत तर्जनी घातली, ती वाडग्याच्या मध्यावर टेकवली आणि गोल गोल फिरवत बाहेर आणू लागल्या. सेजीचा वाडगा घडवताना कुंभाराचं बोट तळाच्या मध्यापासून बाहेर येतं आणि मातीत भोवऱ्यासारखी खाच राहते. तिच्यात झिलई जास्त साचते, म्हणून ती जराशी गडद दिसते. आजींचं बोट खाचेच्या काठांवर अडखळत जात होतं.

"आता उलट्या दिशेने फिरवा."

त्यांनी नाक मुरडलं, पण फिरवलं. बोट खाचेत बसलं आणि सुळकन् बाहेर आलं.

"अगं बाई," आजी म्हणाल्या.

मिझोकामीने गिदोकडून संग्रहालयाचं माहितीपत्रक मागून घेतलं. त्यात जुन्या वाडग्याचा वरून काढलेला मोठा फोटो होता. त्याने तो नव्या वाडग्याशेजारी धरला. रंग तोच, काठ तोच. भोवरा मात्र आरशात बघावा तसा उलटा.

"फोटो छापताना उलटला असेल," गिदो म्हणाला.

"फोटोत कडेला तुमच्या देवळाची पाटी आलीय. तिची अक्षरं सरळ आहेत."

मिझोकामी वाडग्यासमोर बसला. वाडगा बघा, हवालदार. त्याचा तळ बघा. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. आजींनी त्याच्यापुढे चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता त्याने सगळ्यांना देवळात बोलावलं. गिदो, आजी, चिगुसा आणि गुरुजी. संग्रहालयाची गाडी दोनला येणार होती. चिगुसाने सामानाची पिशवी बरोबर आणली होती. तिला वाटलं होतं, निरोपच द्यायला बोलावलंय.

"आधी पिशवी बाजूला ठेव," मिझोकामी म्हणाला. "ओशो-सान, तुम्ही म्हणालात नक्कल चिगुसाने केली. हा तळ बघा. भोवरा कुठल्या बाजूला उलगडतो ते चाकाच्या दिशेवर ठरतं, कारण बोट सगळ्यांचंच मधून बाहेर येतं. चिगुसाचं चाक घड्याळासारखं फिरतं. सगळं गाव तिला त्यावरून चिडवतं. तिच्या हातून हा भोवरा असा पडणं शक्य नाही. काल संध्याकाळी मी तिचे पंचवीस पेले तपासले. एकूण एक उलटे आहेत."

चिगुसाने त्याच्याकडे पाहिलं. तिला हे सुचलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

"मग कोणाचा?" गिदोने विचारलं.

"इथल्या खोऱ्यातल्या माणसाचा, पायाने चाक मारणाऱ्याचा. ज्याच्याकडे बंद खाणीतला दगड अजून शिल्लक आहे, कारण हा रंग दुसऱ्या कशाने येत नाही. ज्याचा झाकणाचा डबा चिगुसाच्या भट्टीत खालच्या फळीवर होता. ज्याने पेटी आणली, तिला झाडू आणायला पाठवलं आणि तीच पेटी स्वतः उचलून घरी नेली. रिकामी पेटी जड कशी होईल? येताना तिच्यात नवा वाडगा होता, जाताना जुना."

सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी गेली.

"पण वाडगा गुरुजींचाच आहे," गिदो म्हणाला. "स्वतःचाच वाडगा चोरून त्याजागी पुन्हा स्वतःचाच ठेवायचा? ह्याला काय अर्थ?"

"मलाही काल तळ बघेपर्यंत लागत नव्हता. आता जुन्या वाडग्याचा फोटो बघा. त्याचा भोवरा चिगुसाच्या पेल्यांसारखा आहे. गुरुजींनी साठ वर्षांत असा भोवरा एकदाही काढलेला नाही. जो वाडगा अडतीस वर्षं इथे त्यांच्या नावाने होता, तो त्यांनी केलाच नव्हता. तो घड्याळाच्या दिशेने चाक फिरवणाऱ्या माणसाने केला. त्या काळात या गावात असा एकच होता."

"तोमात्सु," हात्सुनो आजी हळूच म्हणाल्या.

"तोमात्सु. त्याने मला सांगितलं होतं, तळ बघा. मी बघितला नाही." मिझोकामी गुरुजींकडे वळला. "बारा पोती कुठे होती, गुरुजी?"

उशिजिमा गुरुजी ताठ बसले होते. हात मांडीवर होते.

"कोठाराच्या फळ्यांखाली," ते म्हणाले. "मीच ठेवली. रात्रभर एकट्याने वाहिली."

"का?"

"भट्टी उघडली तेव्हा माझी तेवीस भांडी पिवळी पडली होती. त्या एका वाडग्याला रंग आला होता. बक्षिसाला द्यायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मी त्याला म्हटलं, माझ्या नावाने पाठवू, पुढच्या वर्षी तुझ्या नावाने. तो नाही म्हणाला. त्याने ओरडाआरडा केला असता तर लोकांनी त्याचं ऐकलं असतं. म्हणून आधी त्याला चोर केलं. चोराचं कोण ऐकतं?"

"आणि आता?" चिगुसाने विचारलं. तिचा आवाज बारीक होता.

गुरुजींनी तिच्याकडे बघायचं टाळलं. "संग्रहालयाच्या बाईंनी मला दोन पानं लिहायला सांगितली. हा वाडगा तुम्हाला कसा सुचला. तीन आठवडे कागद पुढे घेऊन बसलो. मला तो कधी सुचलाच नव्हता. मग वाटलं, निदान माझ्या नावाखाली माझं भांडं तरी असावं. म्हणून त्याच्यासारखा केला. तीन वेळा झिलई दिली, चहात भिजवला, माप केसाएवढंही चुकू दिलं नाही. भोवरा बघायचा राहिला."

"भोवरा कोणी बघून करत नाही," मिझोकामी म्हणाला. "तो होतो."

"हो. तो होतो."

"गुरुजी, मला काल गावातून काढत होते," चिगुसा म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं. काका आले तेव्हा तुम्ही काय म्हणालात, ते त्यांनी सांगितलंय मला. गावातून जाऊ द्या म्हणालात. मी सहा वर्षं तुमच्या भट्टीची राख चाळली."

गुरुजी पुढे वाकले आणि तिच्यापुढे कपाळ चटईला टेकवलं. बराच वेळ ते वर आलेच नाहीत. चिगुसाने त्यांना उठा म्हटलं नाही. आजींनीही नाही. शेवटी गिदोने घसा खाकरला आणि गाडीवाल्यांना फोन करून आज येऊ नका म्हणून कळवायला तो आत गेला.

"जुना वाडगा कुठे आहे?" मिझोकामीने विचारलं.

"चल."

कोठारात, ज्या फळ्यांखाली कधी पोती दडली होती, त्यांच्यावरच एक खोकं होतं. चारी बाजूंनी दोरी, गाठी पक्क्या. वर सेतोचा पत्ता होता, तोमात्सुच्या मुलीचा. ती तिकडे दवाखान्यात परिचारिका होती.

"पत्ता कधी मिळवला?"

"तेरा वर्षं झाली," गुरुजी म्हणाले. "खोकं या आठवड्यात बांधलं. आत चिठ्ठी टाकायचीय. ती होत नाही."

खिडकीखालच्या चौरंगावर कागदांची चळत होती. मिझोकामीने वरचे काही चाळले. प्रत्येकावर एकच ओळ होती, आणि प्रत्येक ओळ हवामानाविषयी होती. इकडे यंदा उमेचा बहर लवकर आला. तिकडे थंडी कशी आहे.

"मी चौकीत यायला तयार आहे," गुरुजी म्हणाले. "आज घेऊन चल."

"अडतीस वर्षांपूर्वीच्या गुन्ह्याला आता कायदा विचारत नाही. विचारलं तर ती विचारेल." त्याने खोक्यावरच्या नावावर बोट ठेवलं. "तिच्या बापाला गाव चोर म्हणालं. आईने तिला काय सांगून वाढवलं असेल? वाडगा पाठवून भागणार नाही. वाडगा त्यांचाच होता, तो काही तुम्ही देत नाही आहात. संग्रहालयाच्या पाटीवर कोणाचं नाव लिहायचं ते तुम्ही लिहून द्यायचं. पोती कुठे होती तेही. आणि चिगुसाशी काय केलंत तेही, म्हणजे तोमात्सुच्या मुलीला कळेल की तुमची सवय सुटलेली नव्हती."

गुरुजींनी हळूहळू मान हलवली आणि चौरंगापुढे बसले. त्यांनी शाई घोटायला घेतली. पहिला शब्द उतरायला फार वेळ लागला, पण तो हवामानाचा नव्हता.

बाहेर अंगणात चिगुसा पिशवीतून आपली अवजारं काढून पुन्हा फळीवर लावत होती. त्याचा खडखडाट आत येत होता. ती राहणार होती की फक्त आजचा दिवस, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं आणि विचारायचा हक्क त्या खोलीतल्या दोघांनाही नव्हता.

मिझोकामीने खिशातून जुनी वही काढली. पिवळ्या पानावर सत्तावीस वर्षांच्या हवालदाराच्या टापटीप अक्षरात तोमात्सुचं ते एकच वाक्य होतं, आणि त्याखाली 'विषयांतर' असा शेरा. त्याने ते पान काळजीपूर्वक फाडून खोक्यावर ठेवलं. मग गुरुजींच्या समोर, चौरंगाच्या दुसऱ्या बाजूला बसला आणि चळतीतला एक कोरा कागद ओढून घेतला.

"तू कशाला?" गुरुजींनी विचारलं.

"खोक्यात दोन चिठ्ठ्या जातील," मिझोकामी म्हणाला, आणि त्याने पहिली ओळ लिहिली. तुमच्या वडिलांनी मला तळ बघायला सांगितला होता, मी बघितला नाही.